निचऱ्याचे पाणी आणि शेजारचा देश

पाटाचे पाणी शेतात प्रथम येते तेव्हा त्याचा आनंद सर्वांनाच होतो. परंतु पिकाला पुरून उरलेले पाणी पुढे कोठे जाते आणि जेथे जाते तेथे काय करते, याचा विचार फार थोडे लोक करतात. उतारावरील दोन शेतांपैकी वरच्या शेताचा निचरा हा खालच्या शेताचा प्रश्न असतो. हे सूत्र एका बांधापुरते जितके खरे आहे, तितकेच ते दोन गावे, दोन राज्ये आणि दोन देश यांच्या बाबतीतही खरे आहे.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावी प्रस्तुत लेखकास एक तंटा पाहावयास मिळाला. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आपल्या चिबडलेल्या उसाच्या रानात चर खणून पाणी बाहेर काढले होते. काम व्यवस्थित झाले होते आणि ते करण्याचा सल्ला प्रस्तुत लेखकानेच दिला होता. चराचे तोंड मात्र ज्या ओघळीत सोडले होते, तिच्या काठीच खालच्या शेतकऱ्याची विहीर होती. दोन हंगामांत त्या विहिरीचे पाणी मचूळ झाले आणि तिच्याखालील हरभरा पिवळा पडून गेला. दोघेही एकमेकांचे सोयरे. चर काढण्यापूर्वी एका शब्दाने विचारले असते, तर ओढ्यापर्यंत आपल्याच रानातून वाट दिली असती, असे खालच्या शेतकऱ्याचे म्हणणे पडले. चूक चर खणण्यात नव्हती. ती न विचारण्यात होती, आणि तिच्यात सल्ला देणाराचाही वाटा होता.

हेच जेव्हा दोन देशांच्या सीमेवर घडते, तेव्हा दोन सोयऱ्यांऐवजी दोन सरकारे समोरासमोर येतात. शेतीसाठी उभारलेल्या प्रकल्पाचा उपद्रव शेजारच्या देशास होण्याचा संभव असल्यास त्या देशाचा विचार आधी घ्यावा, असा दंडक आता जगात बहुतेक ठिकाणी मान्य झाला आहे. तो का पडला, तो पाळल्याने काय साधते आणि न पाळल्याने काय भोगावे लागते, हे समजण्यास अमेरिका व मेक्सिको यांच्यामधील कोलोरॅडो नदीचे उदाहरण फार उपयुक्त आहे. त्यातील दुखणे आपल्या क्षारपड जमिनींच्या दुखण्यासारखेच असल्याने आपल्या शेतकऱ्यांस ते सहज उमगेल.

नदी एक, शेतकरी दोन देशांचे

कोलोरॅडो नदी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पर्वतांत उगम पावते आणि शेवटच्या टप्प्यात सीमा ओलांडून मेक्सिकोत शिरते. सीमेच्या अलीकडे अॅरिझोना संस्थानात युमा हे गाव आहे. पलीकडे मेक्सिकोचे मेक्सिकाली खोरे पसरले आहे. दोन्ही बाजूंचा मुलूख वाळवंटी, पाऊस जवळजवळ नाहीच. नदीचे पाणी मिळाले तरच शेती, नाहीतर ओसाड रान, अशी तेथील स्थिती आहे. मेक्सिकाली खोऱ्यात त्या काळी मुख्यतः कापूस, गहू आणि लसूणघास ही पिके घेतली जात.

३ फेब्रुवारी १९४४ रोजी उभय देशांत पाणीवाटपाचा करार झाला. त्यान्वये मेक्सिकोस दरसाल १५ लक्ष एकर-फूट पाणी देण्याचे ठरले. एक एकर क्षेत्रावर एक फूट उंचीचे पाणी उभे केले असता जेवढा साठा होतो, तो एक एकर-फूट. या हिशेबाने मेक्सिकोचा हिस्सा सुमारे १८५ कोटी घनमीटर होतो. हे पाणी उचलण्यासाठी मेक्सिकोने सीमेलगत मोरेलोस नावाचा बंधारा बांधला व तो १९५० साली पुरा झाला. करारात पाणी किती द्यावयाचे हे स्पष्ट लिहिले होते. ते कसे असावे, म्हणजे त्यात क्षार किती असावेत, याविषयी मात्र स्पष्ट कलम नव्हते. पुढील सर्व कलहाचे मूळ या एका उणिवेत आहे.

वरच्या अंगास काय घडले

युमाच्या पूर्वेस हीला नदीच्या खोऱ्यात वेल्टन-मोहॉक नावाचे लाभक्षेत्र आहे. तेथील शेतकरी प्रथम विहिरींच्या पाण्यावर शेती करीत. पुढे विहिरींचे पाणी खारट होत गेले, तेव्हा सरकारने कालवा काढून १९५२ साली कोलोरॅडोचे पाणी तेथे आणले. शेती पुन्हा उभी राहिली. परंतु खोऱ्यातून पाणी बाहेर पडण्यास पुरेशी वाट नव्हती. काही वर्षांतच भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढू लागली आणि पिकांची मुळे कुजण्याची वेळ आली. कालव्याच्या पाण्यामागून चिबड जमिनी येतात, हा अनुभव आपणांसही जुनाच आहे. नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारासच केला होता.

वेल्टन-मोहॉक येथे उपाय म्हणून निचऱ्याच्या विहिरी खोदण्यात आल्या. १९६१ साली त्यांतून भूगर्भातील पाणी उपसून हीला नदीच्या पात्रात सोडण्यास प्रारंभ झाला. हे पाणी साधे नव्हते. वर्षानुवर्षे जमिनीत साचलेले क्षार त्यात उतरलेले असल्याने आरंभी त्यातील क्षारांचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ६,००० भाग इतके होते. हीला नदी युमाजवळ कोलोरॅडोस मिळते आणि तेथून थोड्याच अंतरावर मेक्सिकोचा मोरेलोस बंधारा आहे. त्याच सुमारास वरून वाहत येणारे जादा गोडे पाणीही घटले होते. परिणाम एकच व्हावयाचा होता. मेक्सिकोस मिळणाऱ्या पाण्यातील क्षारांचे वार्षिक सरासरी प्रमाण पूर्वी दशलक्ष भागांत सुमारे ८०० होते, ते सुमारे १,५०० वर गेले. पाण्याची मागणी कमी असते त्या हिवाळ्यात तर ते काही काळ २,००० च्याही वर चढले.

क्षारांचा हिशेब

८०० आणि १,५०० हे आकडे वाचून त्यांतील अंतराची कल्पना येत नाही. म्हणून ते शेताच्या हिशेबात मांडून पाहू. दशलक्ष भागांत १,५०० भाग म्हणजे एका घनमीटर पाण्यात दीड किलो क्षार. एक एकर रानास तीन इंचांची एक पाळी दिली, तर सुमारे ३०० घनमीटर पाणी लागते. पूर्वीच्या पाण्याने अशा एका पाळीबरोबर सुमारे २४० किलो क्षार शेतात येत. नव्या पाण्याने ते सुमारे ४५० किलो येऊ लागले. हंगामात दहा पाळ्या धरल्या, तर एकरी २४ क्विंटलांऐवजी ४५ क्विंटल क्षार झाले. पीक पाणी घेते, ऊन पाणी नेते. क्षार मात्र जमिनीतच राहतात.

ते धुऊन काढण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली लोटणे. परंतु पाणी जितके खारट तितके ते धुण्यासाठी अधिक लागते. मेक्सिकोचा हिस्सा तर करारानेच ठरलेला. तेव्हा तेथील शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरले. एक तर तेवढ्याच पाण्यावर कमी क्षेत्र भिजवावे, नाहीतर आहे ते क्षेत्र भिजवून जमीन दरसाल थोडी थोडी खारवू द्यावी. कापूस व गहू ही पिके खारटपणा बऱ्यापैकी सोसणारी आहेत; तरीही नुकसान झाले. सोसण्याची शक्ती कमी असलेल्या पिकांची गोष्टच नको.

या ठिकाणी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वेल्टन-मोहॉकच्या शेतकऱ्यांनी कोणाचे वाईट व्हावे म्हणून हे केले नव्हते. त्यांच्या पायाखालची जमीन बुडत होती आणि निचरा केल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. अशा प्रकल्पांत बहुधा दोन्ही बाजूंचे शेतकरी कष्टाळू आणि निर्दोष असतात. म्हणूनच त्यांच्यातील प्रश्न दोषारोपाने सुटत नाही, विचारविनिमयानेच सुटतो.

बारा वर्षांचा तंटा

नोव्हेंबर १९६१ मध्ये मेक्सिकोने अमेरिकेकडे औपचारिक तक्रार नोंदविली. शेतीस निरुपयोगी पाणी देणे म्हणजे पाणी न देण्यासारखेच होय, असे मेक्सिकोचे म्हणणे होते. अमेरिकेने उत्तर दिले की, करारात पाणी कोणत्याही उगमाचे असले तरी चालेल असे म्हटले आहे आणि त्यात निचऱ्याचे पाणीही येते. कागदावर दोघांच्याही म्हणण्यास आधार सापडत होता. शेतात मात्र क्षार साचतच होते. १९६२ साली दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या भेटीत हा विषय निघाला.

सीमेवरील कामे पाहण्यासाठी उभय देशांचा संयुक्त असा आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोग आहे. त्याच्या मार्फत १९६५ साली पाच वर्षांची तात्पुरती तोड निघाली. तीनुसार अमेरिकेने स्वतःच्या खर्चाने निचऱ्याचा नाला मोरेलोस बंधाऱ्याच्या खालपर्यंत वाढविला. त्यामुळे अतिशय खारट पाणी बंधाऱ्यात न येता त्याच्या खाली सोडता येऊ लागले. दुखणे हलके झाले; बरे झाले नाही. जून १९७२ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष एचेवेरिया यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे भाषण करताना हाच प्रश्न मांडला. त्यानंतर चक्रे वेगाने फिरली आणि ३० ऑगस्ट १९७३ रोजी आयोगाच्या इतिवृत्त क्रमांक २४२ ने कायमचा तोडगा ठरला. पहिल्या तक्रारीस तोवर जवळजवळ बारा वर्षे होत आली होती.

१९७३ च्या तोडग्यातील मुख्य गोष्टी

या तोडग्यातील चार गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, मोघम शब्दांच्या जागी आकडा आला. युमाच्या वरच्या अंगास अमेरिकेचे इम्पीरियल धरण आहे. तेथील पाण्यात जेवढे क्षार असतील, त्यापेक्षा मोरेलोस बंधाऱ्याच्या वरून दिल्या जाणाऱ्या पाण्यात वार्षिक सरासरीने दशलक्ष भागांत ११५ हून अधिक भर पडू नये व त्यात ३० भागांची कमीजास्त सूट असावी, असे ठरले. क्षार मोजण्याच्या दोन देशांच्या पद्धती भिन्न असल्याने मेक्सिकोच्या मोजणीप्रमाणे हाच आकडा १२१ असा शेजारीच नोंदविण्यात आला. मोजमापावरून पुढे वाद उद्भवू नये म्हणून घेतलेली ही दक्षता वाखाणण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट, वेल्टन-मोहॉकचे निचऱ्याचे पाणी मेक्सिकोच्या हिश्शात धरावयाचे नाही असे ठरले. ते काँक्रीटच्या स्वतंत्र नाल्याने अमेरिकेच्या खर्चाने थेट सांता क्लारा या खाडीलगतच्या खोलगट भागात नेऊन सोडावयाचे होते. हा नाला १९७७ साली पुरा झाला.

तिसरी गोष्ट, सीमेवरील सॅन लुईस गावाजवळ पाच मैलांच्या पट्ट्यात भूगर्भातील पाण्याचा उपसा प्रत्येक देशाने दरसाल १,६०,००० एकर-फुटांच्या मर्यादेत ठेवावा, असे बंधन दोघांनीही पत्करले. विहीर आपल्या हद्दीत असली तरी तिचे पाणी हद्द ओळखत नाही, हे येथे मान्य झाले.

चौथी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सीमाभागात पृष्ठभागावरील किंवा भूगर्भातील पाण्यासंबंधी नवे काम हाती घ्यावयाचे असेल, किंवा चालू कामात मोठा बदल करावयाचा असेल, आणि त्याचा दुसऱ्या देशास उपद्रव होण्याचा संभव असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी त्या देशाशी विचारविनिमय करावा, असे कलम घालण्यात आले. बारा वर्षांच्या त्रासातून निघालेले सार या एका कलमात आहे.

उशिरा विचारण्याची किंमत

तोडगा निघाला, तरी तो निभावण्यासाठी अमेरिकेस फार मोठा खर्च करावा लागला. १९७४ साली तेथे खास कायदा झाला. वेल्टन-मोहॉकचे लाभक्षेत्र दहा हजार एकरांनी कमी करून ६५ हजार एकरांवर आणण्याची तरतूद त्यात होती. निचऱ्याचे खारट पाणी गोडे करण्यासाठी युमा येथे प्रचंड कारखाना उभारण्यात आला आणि त्यावर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाला. १९९२ साली तो सुरू झाला, परंतु एक वर्षही न चालता १९९३ च्या आरंभी बंद पडला. नाल्यावाटे वाहून जाणारे सुमारे एक लक्ष एकर-फूट पाणी दरसाल मेक्सिकोच्या हिश्शात जमा धरता येत नाही, हा तोटा निराळाच.

यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय कोणता ठरला हे पाहण्यासारखे आहे. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांस जमिनीची अचूक सपाटी करण्यास, पाट पक्के बांधण्यास आणि पाळ्या मोजून देण्यास साहाय्य देण्यात आले. जमिनीत जादा पाणी मुरणेच कमी झाले, तेव्हा उपसून बाहेर टाकावयाचे पाणीही कमी झाले. जो उपाय सीमेवर कोट्यवधी डॉलर खर्चून शोधला जात होता, त्याचा बराचसा भाग शेताच्या बांधाच्या आतच होता.

विचारून केलेले आणि आक्षेप असता केलेले काम

१९७३ नंतरही त्या सीमेवर सर्व काही सुरळीत झाले, असे नाही. अमेरिकेच्या हद्दीतून सीमेला जवळजवळ समांतर असा एक मोठा मातीचा कालवा जातो. त्याच्या पाझरामुळे मेक्सिकाली खोऱ्यातील विहिरींस पाणी लागत असे. हा पाझर थांबवून दरसाल सुमारे ६७,७०० एकर-फूट पाणी वाचवावे, या हेतूने अमेरिकेने कालव्यास काँक्रीटचे अस्तर करण्याचे ठरविले. मेक्सिकोने आक्षेप घेतला, अमेरिकेतील न्यायालयात दावाही लागला. परंतु २००६ अखेर अमेरिकेच्या संसदेने कायदा करून वाट मोकळी केली आणि २००७ साली काम सुरू झाले. विचारविनिमय झाला तरी एकमत होतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. खारट निचरा सांता क्लारा येथे साचून तेथे सुमारे ४० हजार एकरांचे पाणथळ रान तयार झाले. पाणपक्ष्यांच्या काही दुर्मिळ जाती तेथे नांदू लागल्या. युमाचा कारखाना चालविला, तर हे पाणी कमी होणार आणि पाणथळ रान सुकणार, हे उघड होते. सबब २०१० साली कारखाना चाचणीसाठी वर्षभर चालविण्यापूर्वी अमेरिकेने मेक्सिकोशी बोलणी केली. पाणथळ रानास एकूण ३० हजार एकर-फूट पाणी पुरविण्याचे ठरले. त्यांपैकी दहा हजार अमेरिकेने, दहा हजार मेक्सिकोने आणि दहा हजार निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांनी द्यावयाचे होते. चाचणी २०१०-११ मध्ये पार पडली. आधी बसून बोलल्याने कारखानाही चालला आणि पाणथळ रानासही पाणी मिळाले.

विचारणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे

शेजाऱ्यास विचारावयाचे म्हणजे आपल्या विकासाची किल्ली त्याच्या हाती द्यावयाची काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. या शंकेचा निर्णय फार पूर्वीच झाला आहे. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात लानू नावाचे सरोवर आहे. त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी दुसरीकडे वळवून तेवढेच पाणी बोगद्याने पुन्हा मूळ नदीत सोडण्याची फ्रान्सची योजना होती. त्या नदीवर स्पेनमधील शेतकऱ्यांचे पाट अवलंबून असल्याने स्पेनने हरकत घेतली. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी लवादाने असा निर्णय दिला की, फ्रान्सने स्पेनची पूर्वसंमती घेतलीच पाहिजे असे नाही. मात्र शेजाऱ्याच्या हिताची माहिती करून घेणे, त्याच्याशी सद्भावनेने बोलणे आणि आपल्या योजनेत त्याच्या हिताचा वाजवी विचार करणे हे फ्रान्सचे कर्तव्य आहे. तात्पर्य, शेजाऱ्याच्या हाती नकाराधिकार नसतो, परंतु त्याचे म्हणणे कानाआडही करता येत नाही.

या तत्त्वाला पद्धतशीर रूप युरोपात मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या विद्यमाने २५ फेब्रुवारी १९९१ रोजी फिनलंडमधील एस्पो येथे एक करार झाला व तो १० सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला. भारत या करारात सामील नाही. तथापि त्यातील पायऱ्या कोठेही उपयोगी पडतील अशा आहेत. प्रथम, ज्या प्रकल्पाचा सीमेपलीकडे मोठा उपद्रव होण्याचा संभव आहे त्याची सूचना शेजारच्या देशास द्यावयाची, आणि तीही स्वतःच्या जनतेस कळविण्याच्या वेळेपेक्षा उशिरा नव्हे. दुसरी पायरी म्हणजे प्रकल्पाचे परिणाम, पर्यायी योजना आणि उपद्रव कमी करण्याचे उपाय यांचा लेखी अहवाल तयार करून तो शेजाऱ्यास देणे. तिसऱ्या पायरीस शेजारच्या देशातील सामान्य लोकांनाही आपल्या लोकांइतकीच मत मांडण्याची संधी द्यावयाची. चौथ्या पायरीस दोन्ही सरकारांनी बसून बोलावयाचे. शेवटी निर्णय घेताना आलेल्या मतांचा विचार कसा केला हे कारणांसह शेजाऱ्यास कळवावयाचे.

अशा प्रकल्पांत केवळ धरणेच येतात असे नव्हे. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार मांसासाठी ८५ हजारांहून अधिक किंवा अंड्यांसाठी ६० हजारांहून अधिक कोंबड्या ठेवण्याची जागा असलेली कुक्कुटशाळा, तसेच ३ हजारांहून अधिक डुकरांचे किंवा ९०० हून अधिक माद्यांचे वराहपालन केंद्र उभारण्यापूर्वी परिणामांची तपासणी सक्तीची आहे. मलमूत्रातून उठणारा अमोनिया वाऱ्याबरोबर आणि नत्र पाण्याबरोबर जाते, हे त्याचे कारण होय. सिंचन व निचऱ्याच्या योजना आणि पडीक रान सघन लागवडीखाली आणण्याची कामे यांची तपासणी प्रत्येक प्रकल्पाचे स्वरूप पाहून ठरविली जाते.

आपल्या देशाचा अनुभव

भारत व पाकिस्तान यांच्यामधील सिंधू जलकरार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे झाला. दुसऱ्या देशावर मोठा परिणाम होईल असे बांधकाम नदीवर योजल्यास त्याचा आराखडा व माहिती त्या देशास कळवावी, अशी तरतूद त्यात होती. निचऱ्याचाही विचार त्या करारात झालेला आढळतो. भारतातून पाकिस्तानात जाणारे हुडियारा, कसूर, सलीमशाह आणि फाजिल्का हे चार नाले त्यात नावानिशी दिले आहेत. आपल्या हद्दीतील नाल्यांची वहनक्षमता पाकिस्तानने टिकवावी, आणि भारताच्या गरजेमुळे ते खोल वा रुंद करावे लागल्यास त्याचा खर्च भारताने द्यावा, असे त्यात ठरले होते. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून वाहून जावयाचे असल्यास वाट खालच्याने राखावी आणि ती वाढविण्याचा खर्च वरच्याने सोसावा, हा बांधावरील न्यायच तेथे लिहिला गेला. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. म्हणून वरील वर्णन करारातील मजकुराचे समजावे.

महाराष्ट्राची हद्द परदेशास लागलेली नाही. परंतु सांगली व कोल्हापूर भागातील क्षारपड जमिनींचा निचरा ओढ्यानाल्यांतून कृष्णा-पंचगंगेस मिळतो आणि तेच पाणी पुढे कर्नाटकातील शेतकऱ्याच्या रानात जाते. आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगास आहोत, हे विसरून चालणार नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे

दोन देशांच्या अनुभवातून गावपातळीवर उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. चराची, भूमिगत निचऱ्याची किंवा नव्या बंधाऱ्याची योजना आखताना पुढील क्रम पाळावा.

१. नकाशावर पाण्याची वाट शेवटपर्यंत आखावी. चराचे तोंड जेथे संपते तेथे योजना संपत नाही. पाणी नदीस किंवा मोठ्या ओढ्यास मिळेपर्यंतची सर्व शेते, विहिरी व पाणवठे नोंदवावेत.

२. काम सुरू होण्यापूर्वी खालच्या अंगाच्या विहिरींचे व ओढ्याचे पाणी तपासून आकडे लिहून ठेवावेत. आधीचा आकडा नसला म्हणजे नंतर खरे-खोटे ठरविता येत नाही. नमुना घेताना दोन्ही बाजूंचे शेतकरी हजर असावेत.

३. खालच्या शेतकऱ्यांस खुदाईच्या पुरेसे आधी बोलवावे आणि योजना त्यांना समजेल अशा भाषेत सांगावी. यंत्र रानात आल्यावर विचारणे हे विचारणे नव्हे.

४. त्यांच्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या घेतल्या नाहीत आणि का, हे लिहून त्यांना कळवावे. सर्वच सूचना मान्य होतील असे नाही. परंतु कारण कळले म्हणजे मनातील अढी पुष्कळ कमी होते.

५. निचरा काढण्यापूर्वी निचऱ्याचे पाणीच कमी कसे होईल ते पाहावे. सपाटी, पक्के पाट, ठिबक सिंचन आणि जमिनीचा वाफसा पाहून पाळी देणे, या उपायांनी वरच्याचे पाणी वाचते आणि खालच्याची जमीन वाचते.

६. काम पुरे झाल्यावर निदान दोन हंगाम पाण्याची तपासणी चालू ठेवावी आणि आकडे दोन्ही बाजूंस दाखवावेत.

कृष्णाकाठच्या ज्या तंट्याचा आरंभी उल्लेख केला, तो पुढे मिटला. खालच्या शेतकऱ्याच्या रानातून बंद नळ टाकून चराचे पाणी ओढ्यास नेण्यात आले. नळाचा खर्च वरच्याने केला, वाट खालच्याने दिली. विहिरीचे पाणी मात्र पूर्ववत होण्यास आणखी कित्येक हंगाम गेले. हाच नळ पहिल्या दिवशी टाकला असता, तर खर्च तेवढाच आला असता आणि विहीर वाचली असती. देश लहान असो वा मोठा, शेत एक एकराचे असो वा एक लक्ष एकरांचे, कुदळ पडण्यापूर्वी शेजाऱ्याच्या दारी जाण्यास पैसा लागत नाही. नंतर जावे लागले म्हणजे मात्र त्याची मोजदाद कठीण होते.